आजीचा टी-सेट आणि तेराशे अंशांची आग

१७५२ सालच्या जानेवारीत डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘गेल्डरमाल्सेन’ हे जहाज दक्षिण चीन समुद्रात खडकावर आपटून बुडालं. कँटनहून ते हॉलंडला निघालं होतं. पोटात चहा होता, रेशीम होतं, थोडं सोनं होतं आणि तळाशी चिनीमातीची भांडी रचलेली होती. कंपनीच्या हिशेबात खरा माल चहाच. भांडी त्या मानाने स्वस्त, जड आणि पाण्याने न बिघडणारी, म्हणून त्यांना जागा तळाला. १९८५ साली मायकेल हॅचर या पाणबुड्याने हे जहाज शोधून काढलं. तोवर चहाचा चोथा झाला होता, पण त्याच चोथ्याखाली दबून भांडी शाबूत राहिली होती. लाखाहून अधिक कप, बशा, वाडगे आणि ताटल्या वर आल्या. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांतल्या निळ्या नक्षीच्या भांड्यांचा निळा रंग निळाच होता. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला क्रिस्टीजने लिलाव केला आणि एके काळच्या या तळाच्या मालाचे सुमारे एक कोटी पौंड आले.

आता आपल्या माळ्यावरच्या खोक्याकडे वळू. दादरच्या, डेक्कनच्या किंवा मडगावच्या कितीतरी घरांत असा एक खोका असतो. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला आजीचा टी-सेट, नाहीतर पणजोबांनी कुठल्याशा साहेबाच्या लिलावातून घेतलेला डिनर सेट. घर रिकामं करायची वेळ येते आणि भावंडं एकमेकांकडे बघू लागतात. सोनं वाटून घेता येतं, तांबं-पितळ मोडीत घालता येतं, फर्निचर विकता येतं. ह्या बशांचं काय करायचं? वापरावं तर फुटतील ही भीती, टाकावं तर हात धजत नाही, ठेवावं तर जागा नाही.

या पेचातून बाहेर पडायची एक वाट आहे आणि ती भावनेपेक्षा कुतूहलातून जाते. आपल्या हातात नेमकं काय आहे हे कळलं, की त्याचं काय करायचं हे बरंचसं आपोआप ठरत जातं. आणि हातात जे आहे ते थक्क करणारं आहे.

मातीची काच

साधा माठ भाजतात तो हजार अंश सेल्सिअसच्या आत. त्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी तशाच राहतात. पाणी त्या फटींतून झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. माठाचं सगळं कौतुक त्याच्या या अपुरेपणात आहे.

खऱ्या पोर्सिलेनची भट्टी तेराशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक केओलिन ही पांढरी, चिवट माती. चीनमधल्या जिंगदेझेन शहराजवळच्या गाओलिंग गावावरून तिला हे नाव पडलं. दुसरी गोष्ट म्हणजे फेल्डस्पार किंवा तसल्याच खनिजाने भरलेल्या दगडाची पूड. आग वाढत जाते तशी ही दगडाची पूड वितळते, काच होते आणि मातीतल्या फटींत शिरून त्या बुजवून टाकते. केओलिन मात्र वितळत नाही. त्यातून म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि वितळलेल्या काचेला आतून धरून ठेवतात. भट्टी थंड झाली की जे बाहेर येतं त्याला धड माती म्हणता येत नाही आणि धड काचही म्हणता येत नाही. पाणी त्यात शिरत नाही, प्रकाश मात्र शिरतो.

ही परीक्षा घरच्या घरी होते. बशी दिव्यासमोर धरा आणि मागे बोटं फिरवा. बोटांची सावली दिसली तर हातात पोर्सिलेन किंवा बोन चायना आहे. काहीच दिसलं नाही तर बहुधा साध्या मातीचं, वरून झिलई दिलेलं भांडं आहे, किंवा पोर्सिलेन असलं तरी ते जाड आहे. मग बशी तळहातावर पेलून काठावर नखाने हलकी टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ती आतून अखंड आहे. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर कुठेतरी असू शकते.

वाळताना आणि भट्टीत हे भांडं आकसतं, ऐन आगीत थोडं मऊही पडतं. म्हणून खोलगट वाडग्यापेक्षा सपाट मोठी ताटली करणं कितीतरी अवघड, कारण तिचा मध्य खचतो आणि कडा वाकतात. ज्या जपानी कंपनीला आज आपण नोरिताके म्हणून ओळखतो तिची स्थापना १९०४ साली झाली. पण जेवणाची मोठी ताटली जमून पहिला पुरता डिनर सेट बाहेर पडायला १९१४ साल उजाडलं. एका सपाट ताटलीसाठी कारागिरांची दहा वर्षं गेली. चीनमध्ये सोंग यिंगशिंग याने १६३७ साली आपल्या उद्योगविषयक ग्रंथात हिशेब दिला आहे की एक कप पुरा होईपर्यंत ७२ हातांतून जातो.

युरोपला हे गुपित कित्येक शतकं उकललं नव्हतं. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला चिनी भांड्यांचं असं वेड होतं की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. सोनं बनवून दाखवतो म्हणणाऱ्या बॉटगर नावाच्या तरुण किमयागाराला त्याने आधीच कैदेत टाकलं होतं. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करताना बॉटगरला १७०८ साली पोर्सिलेनची कृती सापडली आणि १७१० साली माइसनचा कारखाना उभा राहिला. माणसं देऊन घेतलेल्या त्या भांड्यांपैकी काही मोठे कलश आजही ड्रेस्डेनच्या संग्रहालयात उभे आहेत. त्यांच्यापायी दिलेल्या सैनिकांची नावं कोणाला आठवत नाहीत.

बशी उलटी करा

वारशाच्या भांड्याचं वय त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. त्यामागे व्यापारी कायदे आहेत. १८९० साली अमेरिकेने कायदा केला की आयात मालावर तो कुठल्या देशाचा हे छापलेलं हवं आणि १८९१ पासून तो लागू झाला. त्यामुळे जगभरचे कारखाने तळाला देशाचं नाव छापू लागले. नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर ती बशी साधारण १८९१ नंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातली. देशाचं नावच नसेल तर ती त्याआधीची असू शकते. पण अमेरिकेला न जाणाऱ्या मालाला ही सक्ती नव्हती, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

जपानी भांड्यांचा काळ तर आणखी नेमका कळतो. १८९१ पासून ‘निप्पॉन’ असं छापत. १९२१ साली अमेरिकी जकात खात्याने हे नाव नको, ‘जपान’ लिहा असं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या ताब्यातल्या जपानमधून निर्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा बऱ्याच मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का आला आणि १९५२ साली ताबा संपला तसा तो शिक्काही गेला. म्हणजे आजीच्या लग्नात आलेल्या कपाच्या तळाशी हे शब्द असतील तर तो कप जेमतेम पाच वर्षांच्या एका खिडकीतून तिच्या घरात आला. हरलेल्या देशाने पुन्हा उभं राहताना जगाला विकलेला तो कप आहे.

निळ्या रंगाची एक नक्षी तुम्ही नक्की पाहिली असेल. वाकलेलं झाड, पूल, पुलावरून जाणारी तीन माणसं आणि वर दोन पक्षी. ही ‘विलो’ नक्षी. चिनी वाटते, पण ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली. पळून गेलेल्या प्रेमिकांची आणि त्यांचे पक्षी झाल्याची चिनी म्हणून सांगितली जाणारी दंतकथासुद्धा नंतर इंग्लंडमध्येच रचली गेली. नक्षी आधी, गोष्ट मागून, आणि गोष्टीच्या जोरावर पुढची कितीतरी दशकं विक्री.

हाडाचा प्रश्न

तळाला ‘बोन चायना’ असं असेल तर आपल्याकडे पुष्कळ घरांत पुढचं बोलणं अवघडतं. म्हणून ते स्पष्ट सांगितलेलं बरं. हो, त्यात हाडं असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या जोसाया स्पोड याच्या कारखान्यात ही कृती बसवली गेली. साधारण अर्धी जनावरांच्या हाडांची राख, पाव केओलिन आणि पाव दगडाची पूड. हाडं इतकी जाळतात की त्यातलं मांस, चरबी, मज्जा काहीही उरत नाही. उरतं ते कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे निव्वळ खनिज. त्याने भांडं दुधाळ पांढरं होतं, इतर पोर्सिलेनपेक्षा पातळ करता येतं आणि पातळ असूनही मजबूत राहतं. उजेडात धरलं तर त्यात उबदार, सायीकडे झुकणारी छटा दिसते. युरोपीय किंवा चिनी कठीण पोर्सिलेन बहुधा थंड, निळसर-करड्या छटेचं असतं.

रसायनशास्त्राचं उत्तर इथे संपतं, पण घराचं संपत नाही. शाकाहारी किंवा जैन घरात ही राख चालते का, हे त्या घराने ठरवायचं. जी पिढी हा सेट पुढे घेणार आहे तिला तो कशाचा आहे हे सांगितलेलं असावं एवढंच. ज्यांना तो नको त्यांनी निःसंकोच दुसऱ्याला द्यावा. हाड नसलेलं पोर्सिलेनही तितकंच तलम मिळतं.

आणि काय चालतं, काय नाही या वादाला मराठी इतिहास आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि चहाच्या त्या पेल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. जुन्या आचारात धातूचं भांडं घासून शुद्ध होई आणि मातीचं एकदा विटाळलं की टाकावं लागे. चिनीमातीचं काय करायचं याचं उत्तर शास्त्रापाशी तयार नव्हतं. लोणच्याची बरणी स्वयंपाकघरात बिनबोभाट आली, कपबशीला मात्र बाहेरच्या खोलीतून आत यायला वेळ लागला.

आत आल्यावरही तिने सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं नाही. कान तुटलेला किंवा टवका उडालेला कप वेगळा काढून तो जातीने ‘खालच्या’ ठरवलेल्यांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी फडताळाच्या टोकाला ठेवायची रीत कितीतरी घरांत होती. वारशाच्या खोक्यात सोनेरी काठाच्या कपांबरोबर तो कपही असतो, कधी प्रत्यक्षात, कधी नुसता आठवणीत. सेट पुढे देताना तेही सांगावं. नुसतं गोड गोड सांगितलं तर वारसा अर्धाच पोचतो.

रंग झिलईखाली की झिलईवर

आता वापरायचं की नाही हा प्रश्न. त्याचं उत्तर बोटाच्या टोकाने मिळतं.

निळी नक्षी बहुतेक वेळा कोबाल्टची असते. चौदाव्या शतकात चिनी कुंभार इराणकडून आलेलं कोबाल्ट वापरू लागले. तेराशे अंशांची आग सोसूनही रंग न सोडणारी द्रव्यं फार थोडी आहेत आणि कोबाल्ट त्यातलं एक. म्हणून तो रंग कच्च्या भांड्यावर आधी लावता येतो, वरून झिलई चढवता येते आणि मग दोन्ही एकत्र भाजता येतात. नक्षी काचेच्या थराखाली कायमची बंद होते. बोट फिरवलं तर पृष्ठभाग सपाट लागतो.

लाल, गुलाबी, पिवळा आणि विशेषतः सोनेरी हे एवढ्या आगीत टिकत नाहीत. म्हणून ते तयार, झिलई दिलेल्या भांड्यावर शेवटी लावून सात-आठशे अंशांना पुन्हा भाजतात. हे रंग झिलईच्या वर बसतात, बोटाला किंचित उंचवटा लागतो, तिरप्या उजेडात चमक वेगळी दिसते. ‘गेल्डरमाल्सेन’च्या भांड्यांतही हा फरक उघडा पडला. झिलईखालचा निळा जसाच्या तसा राहिला, पण वरून लावलेले लाल-सोनेरी रंग समुद्राने पुष्कळ ठिकाणी खाऊन टाकले होते. समुद्राने सव्वादोनशे वर्षांत केलं ते डिशवॉशरचा अल्कधर्मी साबण आणि तारेची घासणी काही वर्षांत करतात. म्हणून सोनेरी काठाची भांडी हाताने, मऊ फडक्याने, सौम्य साबणाने धुवावीत. मायक्रोवेव्हमध्ये ती कधीही घालू नयेत, कारण तो काठ खऱ्या धातूचा असतो आणि ठिणग्या उडतात.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची. वरून लावायचे जुने रंग कमी आगीत वितळावेत म्हणून त्यात शिसं घालत, काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असे, आणि काही झिलयांतही शिसं असे. आंबट पदार्थ ते ओढून घेतात. पाश्चात्त्य देशांत यावरचे नियम १९७० नंतर कडक झाले. म्हणून जुन्या, आतल्या बाजूला रंगीत नक्षी असलेल्या, रंग झिजलेल्या किंवा झिलईला जाळीदार तडे गेलेल्या भांड्यात चिंचेची आमटी, सोलकढी, लिंबाचं लोणचं ठेवू नये, लहान मुलांना रोज त्यात देऊ नये. लाडू, करंज्या, सुकामेवा, फुलं यांना हरकत नाही. नक्षी फक्त बाहेर असलेला, आतून पांढराशुभ्र, न झिजलेला कप त्या मानाने कमी चिंतेचा. रोज वापरायचा असेल तर प्रयोगशाळेत शिशाची चाचणी करून घेणं उत्तम.

फुटण्याची भीतीही थोडी समजून घेतली तर आटोक्यात येते. पोर्सिलेन दाब सोसतं, ताण सोसत नाही. फ्रीजमधून काढलेल्या कपात उकळता चहा ओतला की आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते आणि त्या ओढाताणीत तडा जातो. आधी कोमट पाण्याने विसळलं की झालं. कपाचा कान वेगळा करून चिकटवलेला असतो, म्हणून कप कानाला धरून टांगू नये, कपात कप रचू नये. बशीच्या तळाचं कडं बिनझिलईचं, खरखरीत असतं आणि खालच्या बशीची सोनेरी नक्षी तेच ओरबाडतं. दोन बशांमध्ये कापडाचा किंवा कागदाचा एकेक तुकडा घातला की ते टळतं. ही निगा राखली तर माळ्यापेक्षा रोजचं फडताळच सुरक्षित. उंचावरून उतरवताना जितक्या बशा फुटतात तितक्या चहा पिताना फुटत नाहीत.

सेट मोडायचा का?

भावंडांचं घोडं इथे अडतं. चौघं आहेत आणि सेट बाराचा. मोडला तर पाप, न मोडला तर भांडण.

पण बाराचा सेट ही कल्पनाच बाहेरची. युरोपात एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रूढ झाली. सूप आलं, त्याची बशी गेली, मासा आला, त्याची गेली, मग मांस, मग गोड. प्रत्येक वाढपाला प्रत्येक पाहुण्यामागे नवी ताटली. तिथून सेटमधल्या ताटल्या वाढत गेल्या; सॉसची होडी आणि झाकणाचं सूपपात्र तर त्याआधीपासूनच होतं. आपलं ताट या विचाराच्या अगदी उलट. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद, सगळं एकाच वेळी समोर. आपल्या जेवणात डिनर सेटचा अर्धा भाग पहिल्या दिवसापासून बेकारच होता. म्हणून सूपच्या खोलगट बशीत श्रीखंड घेतलं, सॉसच्या होडीत तूप ठेवलं आणि साखरेच्या भांड्यात सुपारी ठेवली तर कुठलीही परंपरा बुडत नाही. सहा बशा पुण्यात, सहा ठाण्यात आणि किटली धाकटीकडे, असा मोडलेला सेट वेगवेगळ्या घरांत रोज दिसतो. अखंड सेट एकाच घरातल्या अंधारात पडून राहतो.

किंमत आणि कायदा

विकायचं ठरवलं तर मन घट्ट करावं. घरं लहान झाली, हाताने धुवायला वेळ उरला नाही, पाहुणे हॉटेलात जेवू लागले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले कारखान्यात बनलेले सेट जगभर फार स्वस्त झाले आहेत. खुद्द स्पोडची कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि वेजवूडची मालक कंपनी २००९ च्या सुरुवातीला. तरीही सुट्या नगांना गिऱ्हाईक असतं, कारण कोणाच्या तरी सेटमधला नेमका तोच कप फुटलेला असतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९८१ पासून एक कंपनी ही फुटलेली जागा भरून द्यायचा धंदा करते आणि तिच्या कोठारात सुमारे एक कोटी नग आहेत. आपल्याकडे मुंबईच्या चोरबाजारातले जुन्या वस्तूंचे दुकानदार शिक्का, नाद आणि टवका एका नजरेत पारखतात. त्यांना दाखवायच्या आधी आपण पारखलेलं बरं.

संग्रहालयाला द्यावं असंही मनात येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घरांत अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आल्या. गोव्यात चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घरात जुनं चिनी पोर्सिलेन आजही पाहायला मिळतं. कारखान्यातला सर्वसाधारण टी-सेट मात्र संग्रहालयं सहसा घेत नाहीत. त्यांना रस असतो तो वस्तूमागच्या नोंदीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे पाहताना हेच जाणवतं. दिनकर केळकरांनी घरगुती वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या नसत्या तर त्यांतल्या किती मोडीत गेल्या असत्या.

मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा सिंगापूरला असेल तर आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि तशी ती ठरली तर खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तळाचा शिक्का बघायचं हेही एक कारण. १९५० चा जपानी सेट बॅगेत जाईल. १८८० चा इंग्रजी सेट असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी चौकशी करावी आणि लागेल ते प्रमाणपत्र घ्यावं.

पहिलं काम

या सगळ्या वाटा मोकळ्या आहेत. वापरा, वाटा, विका, द्या. पण त्याआधी एक काम करायचं, आणि त्याला दहा मिनिटं लागतात. सेटचा, तळाच्या शिक्क्यासकट, फोटो काढायचा आणि एका कागदावर लिहायचं: कोणी आणला, कुठून, कोणत्या निमित्ताने, त्यात कोण कोण चहा प्यायलं आणि कोणाला त्यात चहा दिला गेला नाही. कागदाची एकेक प्रत प्रत्येक वाटेकऱ्याच्या बशांसोबत जाऊ द्यायची. जहाजातल्या स्वस्त बशांना लिलावात जो भाव आला तो त्यांच्या मातीचा नव्हता, बुडण्याच्या गोष्टीचा होता. घरातल्या बशीची गोष्ट ठाऊक असलेलं माणूस बहुधा एकच उरलेलं असतं. बशीच्या मानाने त्या माणसाचं आयुष्य फार थोडं.

कारण बशीला खरोखर घाई नाही. चौलसारख्या जुन्या बंदरांच्या मातीत चिनी भांड्यांचे तुकडे अजून सापडतात. ते न कुजतात, न गंजतात, आणि नक्षीची फॅशन मात्र दर काही दशकांनी बदलत गेलेली असते. त्यामुळे नखाएवढ्या तुकड्यावरूनही जाणकार मातीच्या थराचा काळ सांगू शकतात आणि कुठल्या देशाचं जहाज इथे माल उतरवत होतं याचाही अंदाज बांधतात. तेव्हा कप फुटेल म्हणून तो वापरायचा नाही, हे कारण काही टिकत नाही. फुटला तर घरातला एक कप कमी होईल, बस्स. तेराशे अंशांत जे घडलं ते तुकड्यांतही तसंच राहणार आहे. वापरात नसलेल्या कपाचं मात्र काहीच घडत नाही आणि कागदावर त्याच्याबद्दल लिहायला काही उरत नाही.